शरदचा वर्ग मी बंद पाडला

हे लिहायचं मी अकरा वर्षं टाळलं. आधी वाटायचं, वेळ येईल तेव्हा शरदलाच समोर बसवून सांगू. मग वाटू लागलं, आता कशाला जुनं उकरायचं... आणि पाच आठवड्यांपूर्वी, सकाळी चहा घेत असताना, इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर शरदच्या मुलीचा, मेघनाचा निरोप आला. बाबा काल नाशिकला वारले. त्याखाली हात जोडल्याच्या खुणांची रांग लागली. मीही एक जोडली. पुढच्या शुक्रवारी दोहाजवळच्या लुसैलमध्ये एका घरी शोकसभा झाली, तिथे शरदचा सर्वात जुना मित्र म्हणून मला बोलायला उभं केलं. मी चांगलं बोललो. दोन बायकांनी डोळे पुसले. निघताना एकाने माझा हात धरून म्हटलं, "काका, त्या प्रकरणात तुम्ही सरांना फार सांभाळलंत." मी मान हलवली. त्या हलवलेल्या मानेची लाज वाटते म्हणून हे लिहितो आहे.

शरद आणि मी कतारला, दोहात एकाच वर्षी आलो. तो उत्तरेकडच्या एका गॅस प्रकल्पात इन्स्ट्रुमेंट इंजिनियर, मी बांधकामात. तेव्हा समुद्रात भराव घालून केलेलं पर्ल बेट नव्हतं, लुसैल तर नुसती वाळू. शरदला एकच नाद होता आणि तो सगळ्यांना विचित्र वाटायचा. अमेरिकेत एकाच आडनावाची माणसं पिढ्यान्‌पिढ्या निवडून कशी येतात, हे तो वह्यांमध्ये उतरवून ठेवायचा. बाप सिनेटर, मुलगा गव्हर्नर, नातू काँग्रेसमध्ये. नवरा मेला की त्याच्या जागी बायको. कधी कधी नुसतं आडनाव सारखं असलेला भलताच माणूस, लोकांना त्या घराण्यातला वाटला म्हणून निवडून आलेला. शरद म्हणायचा, "विन्या, राजा हाकलून दिला त्यांनी, पण आडनाव नाही हाकलता आलं."

बायको गेल्यावर तो अगदी एकटा पडला. मेघना तेव्हा पुण्यात शिकत होती. मीच त्याला म्हटलं, आपल्या पोरांना शुक्रवारी मराठी शिकव. आमचं वीस-पंचवीस कुटुंबांचं छोटं मंडळ होतं. पोरं सगळी इंग्रजी शाळांतली. मराठी कळायचं, उत्तर इंग्रजीत. त्यांच्या लेखी जगात दोनच नाती, अंकल आणि कझिन. शरदने पहिल्याच महिन्यात पाठ्यपुस्तक बाजूला ठेवलं आणि भिंतीवर आपला तक्ता लावला. अमेरिकेतली आडनावं. रक्ताचं किंवा लग्नाचं नातं असेल तिथे सलग रेघ, नुसतं आडनाव सारखं असेल तिथे तुटक रेघ. ती नावं पोरांनी बातम्यांत ऐकलेली. मग तो विचारायचा, "हा त्या अध्यक्षाचा नेफ्यू. आपल्यात काय म्हणायचं? पुतण्या की भाचा?" पोरं गोंधळायची. "आडनाव बघा! भावाचा मुलगा असेल तर आडनाव तेच. बहिणीचा असेल तर बदललं. मग?" सगळी ओरडायची, "पुतण्याऽऽ!" चुलत, आते, मामे, मावस, दीर, जाऊ... ती पोरं हे सगळं अमेरिकेच्या सिनेटवर शिकली. मी दाराशी उभा राहून ऐकायचो आणि मला हेवा वाटायचा. हेही आज लिहून टाकतो.

मंडळाची अध्यक्ष आधी माझी बायको सुनंदा होती. तिच्यानंतर मी झालो. त्या वर्षी मी रोहनला, माझ्या मुलाला, सेक्रेटरी केलं होतं आणि माझ्यामागे तोच अध्यक्ष होईल हे माझ्या मनात पक्कं होतं. त्याला त्यात किती रस आहे, हे मी विचारलंही नव्हतं.

वर्षअखेरीला वर्गाचा कार्यक्रम होता. सगळे पालक आलेले. एकेक मूल तक्त्यापाशी येऊन एकेक घराणं सांगत होतं. शेवटी अन्विता नावाची अकरा वर्षांची मुलगी उठली आणि घरून आणलेली गुंडाळी उलगडत म्हणाली, "सर, मी पण एक फॅमिली केलीय. अमेरिकेतली नाही. इथली." वर लिहिलेलं, 'आमचं मंडळ.' सुनंदाकाकू अध्यक्ष. त्यांचे मिस्टर विनायककाका अध्यक्ष. त्यांचा मुलगा रोहनदादा सेक्रेटरी. त्यांची सून श्वेताताई, कल्चरल कमिटी. मग ती मुलगी अगदी खुशीत म्हणाली, "आणि सगळ्या सॉलिड लाइन्स आहेत, सर! डॉटेड एक पण नाही!"

आणि मग जे हसू फुटलं... मागून कुणीतरी म्हणालं, "विनायकराव, व्हाइट हाउसला रंग कधी देताय?" शरदही हसला. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्याने.

पार्किंगमध्ये शरद माझ्यामागे धावत आला. "विन्या, रागावू नकोस हं. पोरीने घरी केलंय ते, मला आत्ता दिसलं. आईशप्पथ." आणि लगेच डोळे चमकवून म्हणाला, "पण सून बरोबर लिहिली बघ! मागच्या वर्षी डॉटर इन लॉ म्हणायची." तो खरं बोलतोय हे मला त्याच क्षणी कळलं होतं. पुढे मी स्वतःची समजूत घातली की मला तेव्हा शंका होती. शंका नव्हती.

त्याच आठवड्यात मी कमिटीला घरी बोलावलं. चहा झाल्यावर म्हटलं, "शरदच्या वर्गात राजकारण शिकवतात, अशी चर्चा आहे. आपण इथे पाहुणे आहोत. मला फोन आला होता."

"कुणाचा, काका?" मिलिंदने विचारलं. तो नवीनच आला होता.

"वरून."

मिलिंदच्या बायकोने त्याला कोपर मारलेलं मला दिसलं. पुढे कुणी एक शब्द विचारला नाही. जे इथे राहिले नाहीत त्यांना हे खरं वाटणार नाही. पण ज्याचं घर, पोरांची शाळा, गावाकडच्यांची औषधं, सगळं इथे राहण्याच्या एका परवान्यावर उभं आहे, तो 'वरून' म्हणजे कुठून हे विचारत नाही. मला हे ठाऊक होतं, म्हणूनच मी तो शब्द निवडला. "मी सांभाळून घेतलंय," मी म्हटलं. "वर्ग थांबवू. विषय खलास."

ते गेल्यावर सुनंदा कप उचलत म्हणाली, "फोन कधी आला होता? मी तर घरातच होते." मी टीव्ही लावला. त्या दिवसानंतर ती मंडळाच्या एकाही कार्यक्रमाला आली नाही.

शरदला सांगायला मी स्वतः गेलो. तो म्हणाला, "पण मी इथलं एक अक्षर बोललो नाही रे. अमेरिकेचे पुतणे शिकवत होतो..."

"मला माहीत आहे. त्यांना कोण सांगणार?"

"माझ्यामुळे पोरांच्या घरांना त्रास नको," तो म्हणाला. भिंतीवरचा तक्ता त्याने स्वतः उतरवला. पालकांना कळवलं की तब्येत बरी नसते, म्हणून वर्ग बंद करतो आहे. माझं नाव कुठेच आलं नाही. बिचाऱ्याने माझं खोटं स्वतःच्या अंगावर घेऊन आणखी झाकलं.

मला वाटलं होतं, दोन महिने रुसेल, मग विसरेल. मी फक्त वर्ग बंद पाडला असं समजत होतो. शरदने मात्र तो फोन जन्मभर उराशी बाळगला. गणपतीला येणं सोडलं. ऑफिसात कुणी बातम्यांचा विषय काढला की उठून जायचा. वह्या नाशिकला पाठवून दिल्या. दर वेळी परवान्याचं नूतनीकरण आलं की मला विचारायचा, "विन्या, माझं नाव अजून असेल का रे त्यांच्या यादीत?" आणि मी... मी म्हणायचो, "बघतो." दोन दिवसांनी सांगायचो, "काळजी करू नकोस, बोललोय मी." इतकी वर्षं एक माणूस माझ्यामुळे घाबरत होता आणि वर माझेच उपकार मानत होता. ते मला आवडतही होतं. याहून वाईट गोष्ट मला स्वतःबद्दल माहीत नाही.

तो निवृत्त झाला तेव्हा मेघना लग्न होऊन लुसैलला आलेली होती. नातू दोन वर्षांचा. तिने हट्ट धरला की बाबांनी इथेच राहावं. शरद मला म्हणाला, "तिचं आडनाव आता वेगळं आहे, तेवढंच बरं. माझी रेघ तिच्या घरापर्यंत जायला नको." आणि नाशिकला एकटा राहायला निघून गेला. तो नातू आता आठ वर्षांचा आहे. शोकसभेत मला अंकल म्हणाला.

ज्याच्यासाठी हे केलं असं मी स्वतःला सांगायचो, तो रोहन वर्षभरात सेक्रेटरीपद सोडून कॅनडाला गेला. मंडळही राहिलं नाही. पर्लमधल्या घरात आता मी आणि सुनंदा, दोघंच.

शरद फार आजारी आहे असं कळलं तेव्हा मी नाशिकला गेलो. केवळ एक वाक्य बोलण्यासाठी. विमानात मी ते घोकलं. मेघना दोहाहून आलेली होती, आत मोसंबीचा रस काढत होती. शरदने मला पलंगावर बसवून घेतलं. नाकात नळी, आवाज खोल गेलेला. मी तोंड उघडणार तेवढ्यात तोच म्हणाला, "विन्या, एक विचारू? तो फोन करणारा माणूस... अजून आहे का रे तिथे?"

एवढी सोपी वेळ मला कुणी दिली नसती.

"नाही," मी म्हणालो. "केव्हाच बदलून गेला."

"म्हणजे मेघनाला आता काही त्रास नाही?"

"नाही."

त्याने डोळे मिटले. चेहरा किती तरी सैल झाला. मग माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाला, "तू होतास म्हणून निभावलं. नाहीतर त्यांनी मला कधीच परत पाठवलं असतं." मी हात तसाच राहू दिला. मेघनाने रस आणला, तो प्यायलो. आराम कर म्हणालो आणि जिना उतरलो. खाली रिक्षात बसलो तरी ते वाक्य तोंडात होतं, आजही आहे. मेघना, तू हे वाचशील, म्हणून ते जसं घोकलं होतं तसंच लिहितो. शरद, कुणाचाच फोन आला नव्हता. लोक हसले म्हणून मला तुझा राग आला होता, एवढंच. मला माफ कर.