वीस मिनिटांचा डोस

माझ्या मुलीचं खरं नाव फक्त कागदपत्रांवर आहे. घरीदारी ती भिंगरी. चालायला लागली त्या दिवशी पायाला भिंगरी लागली ती कायमची. आता ती बावीस वर्षांची आहे आणि मी अजून तिच्यामागे गॅस बंद झाला का, नळ बंद झाला का, दार लागलं का, हे बघत फिरते.

शाळेत तिच्या प्रत्येक उत्तराचा पहिला अर्धा भाग उत्तम असे. दुसरा अर्धा पुढच्या प्रश्नाचा असे. पुढे ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून लागली. तिथे तिनं एका गृहस्थांना खुर्चीत आडवं केलं, "आ करून ठेवा, डॉक्टरांना बोलावते," असं सांगितलं आणि बाहेर गेली. जिन्यात एक रंगारी डुगडुगत्या शिडीवर चढला होता. तिनं ती शिडी धरली आणि भिंतीला कोणता रंग बरा दिसेल यावर त्याच्याशी बोलत बसली. गृहस्थ पाऊण तास आ करून होते. सज्जन माणूस. नोकरी मात्र गेली.

ती शांत बसे फक्त घड्याळापुढे. बाराव्या वर्षी तिनं गजराचं घड्याळ उघडलं आणि दोन तास जागची हलली नाही. मी घाबरून थर्मामीटर लावला. ताप नव्हता. म्हणून दातांच्या दवाखान्यातली नोकरी सुटल्यावर मी तिला बाजारातल्या घड्याळदुरुस्तीवाल्या काकांकडे शिकायला ठेवलं.

काका चाळीस वर्षं त्याच टेबलाशी बसलेले. डोळ्याला भिंग, हातात चिमटा आणि नियम एकच: घड्याळ उघडं असेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. खुर्ची सोडली की माणूस नापास. भिंगरीनं वर्षभरात सोळा वेळा खुर्ची सोडली. एकदा तर चिमट्यात स्क्रू धरूनच ती कोपऱ्यावरचं भांडण बघायला गेली. शेवटी काका म्हणाले, "पोरी, हात तुझे सोन्याचे आहेत. बूड उसनं आणलंयस का? शनिवारी गिऱ्हाइकाचं घड्याळ पूर्ण सोडवून परत जोडायचं. जमलं तर कायमची ये. नाही तर दुसरं काहीतरी बघ."

त्यावर ती घरी येऊन रडली. नोकरी गेली तेव्हाही ती रडली नव्हती. मग मी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी तिला तासभर प्रश्न विचारले, आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "रोज पळायचं. दम लागेल इतकं, वीस मिनिटं."

"पळण्याचा काय संबंध?" मी विचारलं. "ती जन्मभर पळतेच आहे."

"लक्ष धरून ठेवण्याचं बरंचसं काम मेंदूचा कपाळामागचा भाग करतो. त्याला लागणाऱ्या रसायनांचा हिच्यात थोडा तुटवडा आहे असं समजा. व्यायामानं ती काही वेळ वाढतात. तासभर काम सोपं जाऊ शकतं. पण ही जादू नाही, आणि गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत."

"दुष्परिणाम?"

"भूक लागेल."

आता आमचे हे औषधांच्या दुकानात तीस वर्षं फार्मासिस्ट. बाईंचा कागद वाचून त्यांनी घरी येताच तिच्या पळण्याच्या बुटांच्या खोक्याला लेबल चिकटवलं: 'दररोज एकदा, कामाआधी वीस मिनिटे. लहान मुलांपासून दूर ठेवा.' भिंगरीच्या बुटांवर उघडल्याची तारीख घातली. मी हसले नाही. आमच्या घरात औषधाची चेष्टा करत नाहीत.

चार दिवस तिनं डोस घेतला आणि चारही दिवस पहिला तासभर काकांच्या खुर्चीत बसली. पण घड्याळ जोडायला अडीच तास लागतात. मी ह्यांना म्हटलं, "अहो, उरलेल्या दीड तासाचं काय?"

"डोस मनानं वाढवायचा नसतो," हे म्हणाले.

शनिवारी सकाळी बुटाचा एक पाय सापडेना. अर्धा तास शोधल्यावर तो तिच्याच पिशवीत निघाला. पण डोस चुकला.

ह्यांनी शांतपणे सांगितलं, "चुकलेला डोस आठवताक्षणी घ्यावा."

"आठवलाय. पण उशीर झालाय, बसनं जावं लागेल."

"मग बसमागून घ्यावा."

त्या क्षणी मला यात काही वावगं वाटलं नाही. मी तिची हत्यारांची पेटी घेऊन बसमध्ये चढले आणि भिंगरी मागून पळायला लागली. सकाळच्या गर्दीत बस रांगतच होती. पण आमचा ड्रायव्हर भला निघाला. आरशात पळणारी मुलगी दिसली की तो बस थांबवी.

"थांबवू नका," मी म्हटलं. "सलग वीस मिनिटं व्हायला हवीत."

"अहो ताई, ती पोरगी बस पकडतेय."

"माझीच मुलगी आहे. तिला पकडू देऊ नका."

पुढच्या सीटवरची एक आजी मागे वळून म्हणाली, "सावत्र दिसतेय."

"सख्खी आहे, आजी. तिच्या मेंदूसाठी चाललंय."

"मग तू का नाही पळत? तुझ्याही मेंदूला हवंय ते."

यावर सगळी बस हसली आणि ड्रायव्हरनं पुन्हा ब्रेक दाबला. असे पाच थांबे झाले. डोस तुकड्यातुकड्यांत गेला. तुकड्यातल्या डोसाबद्दल ह्यांनी काही सांगितलेलं नव्हतं.

भिंगरी दुकानात पोचली तेव्हा तिची बोटं थरथरत होती. काकांनी तिला दहा मिनिटं गार होऊ दिलं. मी गिऱ्हाइकांच्या बाकावर घड्याळाच्या मालकाशेजारी बसले. तो टक्कल पडलेला माणूस पेपर वाचत होता. आपल्या मनगटावरून उतरवलेल्या यंत्रावर आमचं काय काय टांगलंय, याचा त्याला पत्ता नव्हता.

पहिला तास ती भिंतीसारखी बसली. सगळं घड्याळ सुटं झालं, साफ झालं, निम्मं जोडून झालं. मग तिची टाच हलायला लागली. रस्त्यावर कुणीतरी शिंकलं, तिनं मान वळवली. समोर राहिली होती ती केसासारखी बारीक कमान. चिमटा जरा जोरात लागला की ती वाकते, आणि वाकली की संपलं. मी बाकाची कड घट्ट धरली. बस, बाळा, बस, एवढंच मनात चाललं होतं.

भिंगरीनं चिमटा खाली ठेवला. उघड्या घड्याळावर काचेचं झाकण घातलं आणि उभी राहिली.

"काका, मी खुर्ची सोडतेय. नापास करायचं तर करा. पण आत्ता बसून राहिले तर ही कमान मोडेन."

काकांनी भिंग काढलं. ती बाहेर गेली आणि शेजारच्या इमारतीचे चार मजले खालीवर करायला लागली. तिच्या पावलांचा आवाज आम्ही तिघं वीस मिनिटं ऐकत होतो.

"कुणी पडलं का?" टकलू गृहस्थांनी विचारलं.

"काम चालू आहे," काका म्हणाले.

ती आली, भिंतीला टेकून गार झाली, हात पुसले, बसली. कमान बसली. चाक झुलायला लागलं. मागचं झाकण लागलं.

शिकाऊनं जोडलेलं घड्याळ काका नेहमी स्वतः उघडून पुन्हा तपासतात. त्यांनी ते कानाशी धरलं, बराच वेळ. मग न उघडताच गृहस्थांच्या हातात दिलं.

"चाळीस वर्षांत मी अशा किती कमानी मोडल्या, ठाऊक आहे?" ते भिंगरीला म्हणाले. "एकदाही उठलो नाही मी. सोमवारी वेळेवर ये."

भिंगरीनं मान हलवली आणि दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसून राहिली. आनंदानं माझ्या डोळ्यांत पाणी यायला हवं होतं. पण मी उठून त्या गृहस्थांच्या मागे निघाले. कोपऱ्यावर त्यांना किती वाजले विचारलं. मंडईपाशी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, म्हणाले, "ताई, अकरा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटं," आणि चालण्याचा वेग वाढवला. मीही वाढवला.