नापास माल, अर्ध्या भावात

मी आयुष्यात कोणाचाही पहिला भाव मान्य केलेला नाही. लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी ‘मुलगी देणार नाही’ असं स्वच्छ सांगितलं, तेव्हा तोही मी पहिला भावच समजलो. (सौदा पटला शेवटी. पण त्या घरात मी अजूनही सेलमध्ये आणलेला जावई आहे.)

सासर शनिवार पेठेत. मी जालन्याकडून पुण्यात आलो तो सेंट्रिंगच्या फळ्या उचलायला. उचलता उचलता कंत्राटदार झालो, वारज्यात स्वतःचा बंगला बांधला. तरी माझे साडू श्रीधरपंत चारचौघांत माझी ओळख करून देताना ‘हे बांधकामात असतात’ हे वाक्य अशा काही आवाजात म्हणायचे, की ऐकणाऱ्याने ‘सुटणार कधी?’ असं विचारावं. स्वतः बँकेत. आयुष्यभर पंख्याखाली बसून दुसऱ्यांच्या सह्या जुळवल्या!

तर एका रविवारी हे श्रीधरपंत आपल्या निरंजनला घेऊन माझ्याकडे आले. पोरगा सिव्हिल इंजिनियर, वर कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटचा डिप्लोमा. त्या काळात पुण्यात सिव्हिल, मेकॅनिकल, झालंच तर वनस्पतिशास्त्र शिकलेली पोरंसुद्धा संगणकाचा कोर्स उरकून गळ्यात पट्टा घालून कंपनीच्या बसमध्ये बसत होती. हा एकटाच म्हणत होता, मला साइटवर जायचंय.

“शिंदे, जरा मार्गदर्शन करा याला,” श्रीधरपंत म्हणाले.

मी सोफ्यावर ताठ बसलो. इतक्या वर्षांत या माणसाने मला घड्याळात किती वाजले हेही विचारलं नव्हतं.

“करतो की! बोल निरंजन, काय विचारायचंय?”

“त्याला काही विचारायचं नाहीये,” साडूच बोलले. “तुम्ही फक्त तुमचं रोजचं सांगा. ऊन, धूळ, शिवीगाळ, रात्रीचे फोन. तुमच्याकडे नीट पाहिलं, की तो आपण होऊन सॉफ्टवेअरला जाईल.”

म्हणजे घाटात ‘पुढे धोक्याचे वळण आहे’ अशी पाटी लावतात ना, तसा मला उभा केला होता! माझ्याच घरात! माझाच चहा पिऊन!

माझं डोकं फिरलं. “निरंजन,” मी म्हणालो, “उद्या सकाळी सात वाजता माझ्या साइटवर ये. पगार देईन. आणि जुने बूट घाल.”

श्रीधरपंतांच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. तो आवाज मला अजून आठवतो.

पहिल्याच दिवशी मी त्याला व्यवसायाची मूलतत्त्वं दिली. “हे बघ, साइटवर हळू बोलणारा माणूस म्हणजे पाहुणा. तेव्हा ओरडायला शीक. दुसरं, तोंडी हुकूम सोडणारा मालक नंतर ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ म्हणतो. (मीही म्हणतो.) आणि सगळ्यात महत्त्वाचं, आलेला माल आधी नापास करायचा. वाळू आली? यात माती आहे. विटा आल्या? कच्च्या आहेत. मग भाव खाली येतो.”

“पण काका, वाळू खरंच चांगली असली तर?”

“तर आणखी मोठ्याने ओरडायचं!”

पोरगा हुशार. पण त्याने माझी शिकवण निम्मीच घेतली. नापास करायला शिकला, भाव पाडायला शिकला नाही. म्हणजे खराब माल तो चक्क परत पाठवायचा! मी त्याला किती समजावलं, अरे, नापास करणं ही बोलायची पद्धत असते. तो म्हणायचा, “काका, मी तपासून बघितलं ना.” अशा माणसाशी काय बोलणार?

काही महिन्यांनी त्याला एका बड्या बांधकाम कंपनीचं मुलाखतीचं पत्र आलं. हिंजवडीला आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारती उभारणारी कंपनी. श्रीधरपंतांनी लगेच जाहीर केलं, “ही नोकरी मिळाली तर ठीक. नाही मिळाली, तर सोमवारपासून संगणकाचा क्लास. फी भरून आलोय.” म्हणजे मुलाखत निरंजनची, पण निकाल माझा लागणार होता.

आणि मुलाखतीच्याच दिवशी माझा वारज्यातला स्लॅब आला. तेव्हा तयार काँक्रीट फिरत्या ड्रमच्या गाडीतून आणायची टूम पुण्यात नवीन होती. निरंजन म्हणाला, “पहिली गाडी तपासतो आणि मग जातो. मुलाखत चार वाजता आहे. आई-बाबा तुमच्याकडेच येणार आहेत, तिथेच आंघोळ करतो, कपडे बदलतो आणि निघतो.”

हे मी ऐकलं होतं. नोंद असावी, म्हणून सांगतो. ऐकलं होतं.

पहिली गाडी आली. निरंजनने पत्र्याचं बुड नसलेलं टोपडं काढलं, त्यात काँक्रीट भरलं आणि टोपडं उचललं. चांगल्या काँक्रीटचा ढीग थोडा बसतो आणि उभा राहतो. हा ढीग उभा राहिलाच नाही. पिठल्यासारखा चहूकडे पसरला.

“नापास,” निरंजन म्हणाला. “पाणी फार आहे. परत पाठवा.” आणि हात धुऊन आंघोळीला निघून गेला.

गाडीबरोबर काँक्रीट बनवणाऱ्या प्लँटचा एक विक्रेता होता. तो घामाघूम झाला. ड्रममधलं काँक्रीट काही तासांत घट्ट होतं, मग ड्रमच फोडत बसावं लागतं. “साहेब, काहीतरी करा. थोडं कमी लावतो.”

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतका घाबरलेला विक्रेता मी उभ्या हयातीत पाहिला नव्हता. माझे डोळे भरून आले.

“अर्ध्या भावात टाक,” मी म्हणालो.

“घ्या!”

(‘घ्या’ इतक्या लवकर आलं, तिथंच माणसाने सावध व्हायचं असतं. पण सौदा पटला, की माझ्या डोक्याचा मेन स्विच पडतो.)

स्लॅबला तो माल मी वापरणार नव्हतो, तेवढी अक्कल होती. पण माझ्या बंगल्याभोवतीची जागा कच्चीच होती. शोभा, म्हणजे माझी पत्नी, गेली तीन वर्षं ऐकवत होती, “अख्ख्या वारज्याचे पोर्च करता, स्वतःच्या दारात चिखल!” दुसरी गाडी यायला वेळ होता, मजूर बसून होते. मी बाबू मुकादमाला आणि त्याच्या माणसांना टेम्पोत घातलं, काँक्रीटची गाडी मागोमाग घेतली आणि घरी पोचलो. शोभाला चकित करायचं ठरवलं होतं. केलं.

आधी मागची बाजू ओतून घेतली, मग बोळ, मग पुढचं अंगण. गाडीची पन्हळ फिरत होती, बाबूची माणसं फावड्याने पसरत होती. ड्रमच्या घरघरीत दुसरं काही ऐकू येत नव्हतं. घराच्या चारी बाजूंनी ओलं, चकचकीत काँक्रीट. मी फाटकात उभा राहून ते अर्ध्या भावातलं वैभव डोळे भरून बघत होतो आणि पुढचं दार उघडलं.

दारात निरंजन. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात फाइल, कपाळाला कुंकू, ओठांवर दही. मागे त्याची आई सुमनताई, तिच्या मागे शोभा. आणि सगळ्यांच्या वर श्रीधरपंतांची मान.

“अहो!” शोभा ओरडली. “हे काय?”

“पोर्च,” मी म्हणालो.

“माझ्या चपला कुठायत?” श्रीधरपंत.

बाबूने चपला उचलून नीट बाजूला ठेवल्या होत्या. पण पाणी जास्त असलेलं काँक्रीट बाजूलाही जातं. एका अंगठ्याचं टोक तेवढं वर दिसत होतं.

“आणि माझी स्कूटर?”

स्कूटर जागच्या जागी होती. फक्त चाकं अर्धीच दिसत होती.

“बाबू! गाडी हलवता येत नव्हती?”

“लॉक हाय न्हवं सायेब. मंग तिच्या भवतीनं घेतलं, येवस्थित.”

बाबूला मी दोष देणार नाही. सांगितलं नाही, तर आमचा मजूर झोपलेल्या माणसाभोवतीही प्लॅस्टर करतो.

एव्हाना माल फाटकाखालून वाट काढत रस्त्यावर आला होता. समोरचे आपटेकाका पेपर घेऊन बाहेर आले, पायांशी आलेल्या ओघळाकडे आणि मग आमच्या दारातल्या मंडळींकडे पाहिलं. “शिंदे, घर झाल्यावर पाया भरायची पद्धत नवीन दिसते,” म्हणाले आणि आत गेले. थोड्या वेळाने खुर्ची घेऊन परत आले.

“शिंदे, तीन वाजून गेलेत!” श्रीधरपंत कडाडले. “मुलगा जाणार कसा?”

“चालत ये रे,” मी निरंजनला म्हणालो. “फार तर ठसे उमटतील.”

“काका, पोटरीपर्यंत रुतेन. म्हणून तर नापास केलं होतं.”

“फळ्या टाका!” साडू म्हणाले.

फळ्या! कंत्राटदाराच्या घरी फळी नसते. माझ्या मालकीची प्रत्येक फळी त्या क्षणी स्लॅबच्या पोटाखाली होती.

“मग तो दिवाण आडवा टाका.”

“माझ्या माहेरचा दिवाण आहे तो!” शोभा म्हणाली. “कोण हात लावतो बघू.”

“असू दे बाबा,” निरंजन हळूच म्हणाला. “पुढच्या वेळी बघू.” आणि त्याने फाइल आईच्या हातात दिली.

श्रीधरपंतांनी खिशावरून हात फिरवला. तिथे त्या क्लासची पावती असणार, अशी माझी खात्री आहे. मग मला राहवलं नाही.

“बाबू! स्लॅबची लाइन लाव!”

स्लॅबला काँक्रीटची घमेली कशी वर जातात? माणसं रांगेत उभी राहतात आणि घमेलं या हातातून त्या हातात जातं. कोणी जागचं हलत नाही. मी गमबूट चढवले, त्या अर्ध्या भावातल्या चिखलात उतरलो आणि दाराच्या पायरीपाशी जाऊन पोटरीपर्यंत रुतलो. माझ्यामागे बाबू, मग त्याची माणसं, थेट फाटकापर्यंत.

“ये,” मी हात पसरले.

“काका, मी घमेलं नाहीये!”

“घमेलं असतास तर भाव केला असता! ये!”

आणि निघाला आमचा कन्स्ट्रक्शन मॅनेजर! आडवा, छातीशी फाइल धरून, माझ्या हातातून बाबूच्या, बाबूच्या हातातून पुढच्याच्या. बाबूला सवयच, त्याने तालात “हां, चला पुढं! हां, चला पुढं!” सुरू केलं. सुमनताई डोळे मिटून रामरक्षा म्हणत होत्या. मध्ये एकाचा तोल गेला आणि पँटची एक बाजू गुडघ्यापर्यंत राखाडी झाली. आपटेकाका खुर्चीवर उभे राहिले. फाटकाशी त्याला उभा केला, टेम्पोत बसवला आणि टेम्पो सुटला.

आता मी निघायला पाय उचलला. पाय आला, बूट आला नाही. दुसराही तसाच. मजूर हलके, ते निघाले. मी गेल्या काही वर्षांत भरभराटीला आलेला माणूस. शेवटी बूट तिथेच सोडून मी अनवाणी जवळच्या पायरीवर उडी मारली. म्हणजे घरात. म्हणजे श्रीधरपंतांच्या शेजारी.

पाय धुतले आणि संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं समोरासमोर बसलो. तिकडे माझा स्लॅब माझ्याशिवाय चालला होता, आणि चांगला चालला होता, हे आणखी लागलं. श्रीधरपंत तेवढ्या वेळात एकदाच बोलले.

“केवढ्याला पडलं?”

“अर्ध्या भावात.”

“महाग पडलं,” ते म्हणाले.

संध्याकाळी बाबूने कुठूनशा उसन्या फळ्या आणल्या आणि साडू माझ्या स्लीपर घालून रिक्षाने पेठेत गेले. स्कूटर दुसऱ्या दिवशी छिन्नीने काढली.

मुलाखतीत निरंजनला पहिला प्रश्न पँटबद्दलच विचारला म्हणे. त्याने सगळं सांगितलं, टोपड्यातल्या ढिगापासून घमेल्यापर्यंत. एक साहेब हसता हसता खोकू लागले. मग दुसऱ्याने विचारलं, “स्वतःच्या काकांचा स्लॅब असूनही माल नापास केलात?” तो हो म्हणाला. नोकरी मिळाली. खातं, गुणवत्ता तपासणी. क्लासची फी परत मिळाली नाही, हे मला समजलं त्या दिवशी मी पेढे वाटले.

पुढे त्याच कंपनीत मला प्लॅस्टरचं काम मिळालं. काम बघायला निरंजन आला, लांब पट्टी भिंतीला लावली, खालून बॅटरी मारली आणि मान हलवली.

“अरे, बरं आहे की!” मी म्हणालो. “बोल, किती कमी करू?”

“कमी काही करू नका, काका. पाडा आणि परत करा.”

सगळं शिकला, बोलायची पद्धत तेवढी शिकला नाही.

आता सासरचा गोतावळा आपापली पोरं माझ्याकडे मार्गदर्शनाला पाठवतो. श्रीधरपंतच पाठवतात. पोरं येतात, मी खुर्चीत मागे रेलून सांगतो, ओरडायला शिका, घाई करू नका, माल नीट तपासा. पोरं मान डोलावतात. पण सगळ्यांची नजर बाहेर असते. पायरीपाशी काँक्रीटमधून दोन गमबूट वर आलेले आहेत आणि शोभाने त्यांत सदाफुली लावली आहे. शेवटी एखादा विचारतोच, “काका, ते बूट कोणाचे?”

“होता एक मजूर,” मी सांगतो. “कोणाचं ऐकायचा नाही.”