बंद घरातले सव्वीस दिवस

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुण्याला करायचं ठरलं. मुलगा तिथे असतो. बारा दिवसांत परत यायचं होतं. तिला ऑपरेशनची भीती वाटत नव्हती. घोर होता तो धरमपेठेतल्या आमच्या गॅलरीतल्या सतरा कुंड्यांचा. नागपूरच्या मे महिन्यात सकाळी घातलेलं पाणी दुपारी कुठे गेलं ते कळत नाही.

कामवाली बाई सुट्टीवर होती, म्हणून मी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे गेलो. कोराडीच्या वीज केंद्रात पाण्याच्या पंपांवर काम करून ते रिटायर झालेले. पण तेही त्याच आठवड्यात भिवापूरला, मुलीकडे निघाले होते. माझा चेहरा पाहून म्हणाले, "काहून टेन्शन घेऊन राहिले भाऊ? झाडायले पाणी द्याले माणूसच पाहिजे असं थोडीच आहे!"

आणि माझ्याबरोबरच खाली आले. बायकोकडून एक विटकी सुती साडी मागून घेतली, तिच्या लांब पट्ट्या फाडल्या, पीळ घालून भिजवल्या. एका पट्टीचं एक टोक पाण्याच्या बादलीत सोडलं, दुसरं एका कोरड्या कुंडीच्या मातीत बोटभर खोल खोचलं.

"बसा आता. पाहा फक्त."

आम्ही तिघं चहाचे कप घेऊन त्या कुंडीभोवती बसलो. माती राखेसारखी भुरकट होती. चहा निम्मा झाला तेव्हा पट्टीभोवती एक काळसर ठिपका उमटला. तो पसरत पसरत तळहाताएवढा झाला. कुणी ओतत नव्हतं, ढकलत नव्हतं, आणि बादलीतलं पाणी स्वतःहून काठ चढून मातीत उतरत होतं. हे शाळेत शिकलो असणार मी, पण पाहिलं कधीच नव्हतं.

शेजारी हळू आवाजात म्हणाले, "आयुष्यभर मी पाणी वर चढवलं. केवढाले पंप, केवढा आवाज! अन् हे चिंधी पाहा, चूपचाप चढवून राहिली."

मग सगळ्या कुंड्या आम्ही हॉलमध्ये आणल्या. पाच बादल्या आणि पाहुणे आले की भात शिजवायचा मोठा गंज, एवढी भांडी भरली. वर ताटल्या झाकल्या, पडदे ओढले. सवयीने मी त्यांच्यापुढे किल्ली केली तर ते म्हणाले, "मले काहून देता? मी कुठं राहीन इथं!" घराला कुलूप लागलं.

पुण्यात ऑपरेशन नीट झालं, पण पुढे जखम चिघळली, ताप येऊ लागला. बाराचे सव्वीस दिवस झाले. रोज संध्याकाळी ती विचारायची, "आज नागपूरला किती?" मी दोन डिग्री कमी करून सांगायचो. एक दिवस तिने स्वतःच्या मोबाईलवर पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून विचारणं बंद झालं.

परत आलो तेव्हा दार उघडताच भट्टीसारखी हवा अंगावर आली. वॉकर धरून ती उंबऱ्यातच थांबली. म्हणाली, "तुम्ही आधी बघा. मला नंतर सांगा."

मी पडदा सरकवला. दोन नेचे करपून गेले होते. एकाची पट्टीच मातीतून निसटली होती. पाचही बादल्यांत तळाला ओल तेवढी उरली होती. बाकीची झाडं मलूल होती, पानं पिवळी होती, पण जिवंत होती. मी एकेक मोजत गंजापाशी पोचलो आणि तिथेच खाली बसलो.

मनीप्लँटची एक वेल कुंडीतून लोंबत गंजाच्या काठावर, ओल्या पट्टीवर टेकली होती. तिथल्या पेराला पांढरी मुळं फुटली होती. ताटलीच्या फटीतून ती आत शिरली होती. पाणी जसजसं खाली गेलं तसतशी तीही त्याच्यामागे उतरत गेली असावीत. चांगली वीतभर लांब, दोऱ्यासारखी बारीक. तळाशी उरलेल्या दोन बोटं पाण्याला त्यांची टोकं नुकती लागली होती. अंधारात, बंद घरात, त्यांना कुणी सांगितलं होतं पाणी कुठे आहे ते?

"काय झालं? बोला ना!" ती दारातून ओरडली.

तिला खाली वाकता येत नव्हतं. मी कुंडीसकट गंज जपून उचलून टेबलावर ठेवला. ती आली, ताटली बाजूला केली, चष्मा वर सरकवून बघत राहिली. मग म्हणाली, "अगं बाई, किती चाललीस तू."

शेजारी आदल्याच दिवशी भिवापूरहून परतले होते. मी त्यांना बोलावलं. त्यांनी चपला बाहेर काढल्या आणि गंजात डोकावून पाहिलं.

"तुमच्यामुळे वाचली झाडं," बायको म्हणाली.

"नाही वं वहिनी," ते म्हणाले. "बाकीच्यायले मी चिंधी लावली. हिनं आपलं आपण केलं."

ती मुळं कापायला बायकोने साफ नकार दिला. तो गंज अजून हॉलच्या कोपऱ्यातच आहे. पाहुणे आले की भाताला शेजाऱ्यांचं पातेलं मागून आणतो.