शिक्षा कोणाला झाली?

मी आठवीत गेले त्या वर्षी मध्यभारत राज्य संपलं आणि मध्यप्रदेश सुरू झाला. मला त्यातलं एवढंच कळलं, की आमच्या शाळेतला मराठीचा वर्ग बंद झाला आणि शहराच्या लष्कर नावाच्या भागातल्या मराठी घरांतल्या आम्ही मुली हिंदीच्या वर्गात जाऊन बसलो. बाड्यावर, म्हणजे चौकातल्या बाजारात, भाजी घेण्यापुरती, भांडण्यापुरती हिंदी आम्हा सगळ्यांना येत होती. पुस्तकातली हिंदी निराळी निघाली.

शिकवायला ज्या बहनजी होत्या त्याही नुकत्याच जबलपूरहून बदलून आलेल्या. गोष्ट नुसती वाचायची नसते, उलगडायची असते, असं त्या म्हणत. त्यांनी फळ्यावर शब्द लिहिले: कथानक, चरित्र, संघर्ष, चरमसीमा, शिक्षा. बहुतेक शब्द ओळखीचे होते, आणि तिथेच घोळ झाला.

पहिली गोष्ट एका सुताराची होती. राजवाड्यातून मागणी आली म्हणून तो वर्षभर खपून झोपाळा करतो. तेवढ्यात राजा वारतो. झोपाळा न्यायला कुणी येत नाही. शेवटी सुतार तो चिंचेला टांगतो आणि गावातली पोरं त्यावर झोके घेतात.

"बढ़ई का चरित्र लिखो," बहनजी म्हणाल्या.

मी लिहिलं. तो कुठे जन्मला, बाप लहानपणीच कसा गेला, बायको कुठल्या गावची. बहनजींनी विचारलं, "यह सब कहानी में कहाँ है?" नव्हतंच कुठे. पण चरित्र म्हटल्यावर जन्मापासून नको का? त्यांना फक्त तो स्वभावाने कसा होता, एवढंच हवं होतं.

मग त्यांनी विचारलं, "इस कहानी से क्या शिक्षा मिलती है?"

हे मला येत होतं. मी उठून सांगितलं, "बढ़ई को मिली, बहनजी. पर उसने कुछ किया नहीं था."

हिंदी घरांतल्या मुली हसत सुटल्या. मराठी मुली माझ्याकडे बघत राहिल्या, की यात हसण्यासारखं काय आहे.

"शिक्षा, बेटी. दंड नहीं. सीख," बहनजी म्हणाल्या. मग खडू खाली ठेवून "वैसे दंड तो उसी को मिला," असं हळूच म्हणाल्या आणि पुढची गोष्ट काढली. माझं उत्तर चूक की बरोबर, ते कळलं नाही.

संध्याकाळी नाना, म्हणजे माझे वडील, कचेरीतून आले. राजधानी भोपाळला गेल्यामुळे त्यांचं अख्खं खातं तिकडे हलणार होतं. त्या दिवशी त्यांच्या हातात ऑर्डर पडली होती. मला ते ठाऊक नव्हतं.

"नाना, शिक्षा म्हणजे काय हो?"

"भोपाळ," ते म्हणाले.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "असं काय बोलून राहिलात? बढती आहे ना?"

"बढती आहे. म्हणून तर कुणाला सांगता येत नाही."

भोपाळला घर मिळेना, म्हणून ते एकटेच निघाले. आम्ही स्टेशनवर गेलो. गाडी उशिरा आली. तोवर बोलायचं ते बोलून झालं होतं, आईचं रडूनही झालं होतं. गाडी लागली, नाना चढले, आणि आईला आठवलं की त्यांच्याबरोबर खायला काही दिलंच नाही. ती केळी घ्यायला धावली. मी तिच्याकडे बघत होते. मान वळवली तर गाडी हललेली, आणि नाना खिडकीतून भलत्याच कुणाच्या तरी मुलीला हात करत होते. केळी आईच्या हातातच राहिली.

पुढच्या आठवड्यात बहनजींनी स्वतःच्या आयुष्यातला एक प्रसंग लिहायला सांगितला, चरमसीमेसकट. चरमसीमा म्हणजे गोष्ट जिथे सगळ्यात उंच चढते ती जागा, हे आता पाठ झालं होतं. मी स्टेशन लिहिलं. त्यांनी मला टेबलाशी बोलावलं.

"इसमें चरमसीमा कहाँ है?"

"हमने देखी नहीं, बहनजी. हम केले की तरफ़ देख रहे थे."

त्या हसतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, "जबलपुर से चली तो मेरी माँ स्टेशन आई ही नहीं थीं. बोलीं, घर से ही निकल जाओ." मग माझा कागद बाजूला ठेवून दुसऱ्या मुलीला हाक मारली. त्या माझ्याशी माझ्याबद्दल बोलल्या की स्वतःबद्दल, याचा विचार मी घरी पोहोचेपर्यंत करत होते.

हिंदीत मी कशीबशी पास झाले. उन्हाळ्यात भोपाळला सरकारी घर मिळालं आणि आम्हीही तिकडे गेलो. स्टेशनवर रडलेली आई तिथे महिन्याभरात रमली. तळ्याकाठी फिरायला जाऊ लागली, शेजारणींकडून नवे पदार्थ शिकली. नानांना पुढे आणखी बढत्या मिळाल्या. पण ते शहर त्यांना शेवटपर्यंत आवडलं नाही, आणि का आवडत नाही, हे विचारलं तर त्यांना सांगता यायचं नाही.