त्वचा सुधारली, आणि मी डॉक्टरांसमोर रडले

दोन महिन्यांपूर्वी मिरजेला स्किनच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसले होते. शेजारी आमचे हे, मांडीवर हेल्मेट धरून.

नऊ वर्षं झाली मला सोरायसिस आहे. शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या त्वचेवर उलटते, दुसऱ्याला तो लागत नाही... हे मी कुपवाडच्या आमच्या कारखान्यात पॅकिंगच्या टेबलावर कितीतरी जणींना सांगितलंय. तरी डबा खाताना माझ्या शेजारची खुर्ची रिकामीच राहते.

मग मीच डबा उशिरा खायला लागले. लग्नकार्याला जाणं बंद केलं. दाराची बेल वाजली तरी छातीत धडधडायचं. सकाळी कुणी बघायच्या आत गादीवरच्या खपल्या झटकायच्या आणि तिथंच कडेला बसून राहायचं... उठावंसंच वाटायचं नाही. कुणाला बोलले नव्हते. आधीच घरात मलमांचा पसारा, त्यात हे आणखी कुठं सांगा?

डॉक्टरांनी कोपर बघितलं, गुडघे बघितले. म्हणाले, "अरे वा, नवीन गोळी छान लागू पडली."

खरं तर आनंद व्हायला हवा होता. मला रडूच फुटलं... थांबेचना.

मी काही बोलायच्या आत हेच बोलले. "डॉक्टर, ती हसत न्हाई आता. सैपाक करती, कामाला जाती, पर घरात असून नसल्यागत. लय दिवस बगतोय मी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. सरळ विचारलं, "मरावंसं वाटतं का?" म्हटलं, "तसं नाही... पण उठावंसं वाटत नाही." ते म्हणाले, या आजारात उदासी आणि घबराट पुष्कळांना येते, आणि त्वचा सुधारली म्हणून ती आपोआप जात नाही. तिला वेगळे उपचार लागतात. मानसोपचार डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी दिली.

बाहेर गाडीपाशी आल्यावर मी अडून बसले. "मी न्हाई यायची. आधी कातडं, आता डोकं बी गेलं म्हणतील लोक."

यांनी हातातलं हेल्मेट गाडीच्या सीटवर ठेवलं. मग म्हणाले, "मला बी झोप न्हाई गं. सकाळी तू कडंला बसतीस तवा मी जागाच असतोय. काय बोलावं कळत न्हाई, म्हणून डोळं मिटून पडतो... चल, दोघं बी जाऊ."

एवढे महिने मला वाटत होतं, हा माणूस घोरतोय.

गेलो दोघंही. गोळ्या सुरू आहेत, दर पंधरा दिवसांनी बोलायला जाते. जादू झालेली नाही. मागच्या आठवड्यात कोपरावर नवा चट्टा उठला आणि दोन दिवस पुन्हा तसेच गेले...

परवा कडेगावला नात्यातल्या बारशाला गेले होते. तासभर बसले, मग नको झालं. यांना म्हटलं, "आवं, दमले मी." कशानं, काय झालं, काही विचारलं नाही. गाडी काढली.

अजून दमतेच मी. पण दमलेय हे सांगायला घरात एक माणूस आहे... तो आधीपासून होता, मलाच माहीत नव्हतं.