नातीच्या मापाच्या फळ्या

आमचा मामा सुतार. गिऱ्हाईकानं सांगितलेल्या मापावर त्याचा काडीचा विश्वास नाही. "माप स्वतः घ्यावं आणि दोनदा घ्यावं," हे त्यानं मला इतक्यांदा ऐकवलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

अशा माणसानं आयुष्यात एकच काम दुसऱ्यांदा माप न घेता केलं. परदेशातल्या नातीसाठी पुस्तकांच्या फळ्या. ती चार वर्षांची असताना येऊन गेली, तेव्हा दाराच्या चौकटीवर तिच्या उंचीची पेन्सिलीनं खूण केली होती. त्या खुणेवरून त्यानं फळ्या ठोकल्या. सगळ्यात वरच्या फळीलाही तिचा हात पोचायला हवा, म्हणून सगळ्याच बुटक्या. पुस्तकं पाठमोरी नाहीत, समोर तोंड करून उभी, पडू नयेत म्हणून पुढं बारीक पट्टी. "एवढ्याशा पोरीला अक्षरं कुठं येतात? तिला चित्र दिसलं पाहिजे," असं त्याचं म्हणणं. कोपरे तर पॉलिश पेपरनं घासून घासून गुळगुळीत केलेले.

मग दरवर्षी येणं ठरायचं आणि मोडायचं. कधी मुलाची नोकरी, कधी सुनेचं आजारपण. मामा रोज पुस्तकं पुसायचा, महिन्याला खालची वर, वरची खाली करायचा. रविवारी नातीला फोनवर बघायचा. दुधाची तहान ताकावर. "मामा, दुकान कधी उघडतोयस?" मी चिडवायचे. तो हसायचा. पण तिनं घरात पाऊल टाकल्या टाकल्या त्या फळ्यांकडं धावावं, यासाठी त्याचा जीव तुटत होता.

पाच वर्षांनी ती आली, ती मामाच्या खांद्याला लागली. फोनवर चेहरा दिसतो, उंची दिसत नाही. आम्हा शहाण्यांच्याही हे लक्षात आलं नव्हतं.

ती फळ्यांपुढं वाकली. "आजोबा, ही कुठल्या बाळाची पुस्तकं?"

"होती एक," मामा म्हणाला. "तिची वाट बघत होतो."

मला तिथं उभं राहवेना. स्वयंपाकघरात जाऊन रडले, उगाच कशाला लपवू?

बाहेर आले तर मामानं नातीला चौकटीला पाठ लावून उभं केलं होतं. नव्या फळ्यांसाठी त्यानं टेपनं तिचं माप घेतलं. पुन्हा घेतलं. मग तिसऱ्यांदा टेप ओढला.

"मामा, दोनदा झालं की."

"उभी आहे तोवर घेऊ दे," तो म्हणाला.