डीप फ्रीझरमधली रायफल

"जोर नको रे, जागा शोध," असं म्हणून काकू समोरच्याच्या हातातली वस्तू काढून घ्यायच्या. मग ती लोणच्याची घट्ट बरणी असो, नाहीतर दारातला बर्फ उडवणारा माझा बंद पडलेला स्नोब्लोअर. चष्मा कपाळावर चढवायचा, छोटी टॉर्च दातांत धरायची आणि वस्तूच्या आत डोकवायचं. तुमच्याही ओळखीत अशी एखादी काकू असेल. इथे परदेशात, आमच्या ईडन प्रेरी गावच्या गल्लीतल्या काकू मात्र निवृत्त डेंटिस्ट होत्या, त्यामुळे त्यांच्यापुढे हसतानाही मी तोंड बेतानेच उघडत असे.

काकूंच्या शेजारी कार्ल नावाचे आजोबा राहत. बायको गेल्यापासून त्यांचं सगळं वर्ष नोव्हेंबरातल्या हरणाच्या शिकारीची वाट बघण्यात जाई. मुलं, पुतणे सगळे तेव्हा उत्तरेकडच्या रानातल्या केबिनवर जमत. कार्लकडे वडिलांची रायफल होती, आणि वडिलांनीही ती जुनीच विकत घेतलेली. खालची कडी पुढे ढकलून मागे ओढली की नवं काडतूस आत सरकतं, त्या जातीची. आदल्या वर्षी ऐन वेळी ती कडी अडकली आणि हरीण समोरून निघून गेलं. दुकानात दाखवली, तर तिथे कडी एकदम सुरळीत! मुलं म्हणाली, आता नवी बंदूक घ्या, नाहीतर केबिनवर नुसते शेकत बसा. कार्ल म्हणाले, मग मी येतच नाही. म्हातारा हट्टी होता, पण बोलून बसल्यावर पार खचला होता.

काकू टोमॅटो द्यायला गेल्या तेव्हा हे सगळं त्यांना कळलं. ही बाई केकसुद्धा अंड्याची चौकशी करून खाणारी. पण बिघडलेली वस्तू दिसली की त्यांना राहवत नसे. त्याच दुपारी त्या कार्लच्या गॅरेजात हजर, आणि उजेड धरायला मी. आमच्या घराण्यात बंदूक म्हणजे दिवाळीतली टिकल्यांची, तेव्हा मी दारातूनच उजेड धरला.

काकूंनी आधी कार्लकडून रायफल रिकामी असल्याची खात्री करून घेतली, मग स्वतः पुन्हा बघितली. आणि पेशंटला विचारावं तसं विचारलं, "ठणका कधी लागतो? गरमाने की गारव्याने?"

कार्ल विचारात पडले. घरात कधी अडकली नव्हती. दुकानात नाही. रानात, पहाटेच्या थंडीत अडकली होती.

"अरे, खोबरेल तेल!" काकू माझ्याकडे वळून म्हणाल्या. "थंडीत बाटलीतून निघतं का? हिच्या पोटात कुठलं तरी जुनं तेल साचलंय. गारठलं की त्याचा दगड होतो."

मग काकूंनी घरून आप्पेपात्र आणलं. निघालेला प्रत्येक स्क्रू काढल्या क्रमाने एकेका खळग्यात. दात कोरायची हत्यारं, मऊ ब्रश आणि कापूस घेऊन त्यांनी रायफलला "ओपन वाइड" म्हटलं आणि कामाला लागल्या. आतून काळंकुट्ट किटण निघत राहिलं.

"दातांवर साचतं तसं टार्टर आहे, कार्ल. तुमच्या घरात हिला कुणी फ्लॉसच केलं नाही!"

कार्ल हसले. कितीतरी दिवसांनी त्यांना हसताना बघत होतो मी.

बाहेर अजून म्हणावी तशी थंडी नव्हती. म्हणून रायफल पुन्हा जोडून कार्लच्या भल्यामोठ्या डीप फ्रीझरमध्ये ठेवली. आदल्या वर्षी हरीण न मिळाल्यामुळे तो रिकामाच होता. संध्याकाळी बाहेर काढली, तर कडी हलेना.

कार्लनी ती फडक्याने पुसली आणि खोळीत ठेवायला घेतली. "राहू दे. तिचं वय झालं. माझंही झालं." मला फार वाईट वाटलं.

काकू मात्र भडकल्या. "रूट कॅनाल काय एका सिटिंगमध्ये होतं? उद्या येते."

दुसऱ्या दिवशी दातांचा छोटा आरसा आत घालून त्यांनी कडीच्या सांध्यामागची एक बारीक खाच शोधली. तिथे तेल डिंकासारखं चिकटून बसलं होतं. ते खरवडून काढलं, सगळं कोरडं केलं, आणि रायफल परत फ्रीझरमध्ये. संध्याकाळी बाहेर काढली तेव्हा नळीवर हिमाचा पांढरा थर धरला होता. काकूंनी स्वतः हात लावला नाही. "आता तुम्ही," त्या कार्लना म्हणाल्या.

खट्‌-खटाक! पुन्हा खट्‌-खटाक! कार्ल कडी ओढतच राहिले, आणि मी दार सोडून केव्हा आत आलो मला कळलं नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी मुलाला फोन केला. केबिनवर येतोय म्हणाले.

काकू आता लांब क्युपर्टिनोला मुलीकडे असतात. त्यांच्याविना गल्ली सुनी वाटते, अगदी खरं सांगतो. पण आठवतात त्या कार्ल शिकारीहून परतले त्या रविवारच्या. ट्रक कार्लच्या घराकडे न वळता थेट काकूंच्या ड्राइव्हवेत शिरला. मागे शिकार केलेलं हरीण होतं. काकूंनी आधी त्याला हात जोडले आणि क्षणभर डोळे मिटले. मग कार्लकडे वळून विचारलं, "अडकली?"

"एकदाही नाही."

कार्लनी रायफल रिकामी असल्याचं दाखवून त्यांच्या हातात दिली. सलवार-कमीजवर थंडीचा जाडजूड पार्का चढवलेल्या काकूंनी ती दोन्ही हातांनी डोक्यावर उंच धरली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात मराठीत ओरडल्या, "जिंकलो रे, जिंकलो!" कार्लची मुलं टोप्या हवेत उडवत होती, आणि कार्ल तोच शब्द वेडावाकडा उच्चारत काकूंहूनही मोठ्याने ओरडत होते.